तिसऱ्या ट्रॅकमधलं बेरिंग

आईनं सगळ्यांत आधी ऐकलं. पदरावरूनच हेडफोन लावला,
दीड मिनिट ऐकलं, काढला.
"ह्यां माका रोज पहाटे फुकट ऐकाक गावता,"
म्हणाली, आणि टोपली उचलून लिलावाला गेली.

साठ कॅसेट काढल्या होत्या. देवगडात कॅसेट वाजवणारं
कोणी उरलं नाही, म्हणून काही पेनड्राइव्हही.
नाव ‘गंज’.
बेचाळीस मिनिटं. गाणं एकही नाही.

नाऱ्या मुणगेकरनं स्टँडवरच रिक्षात लावला,
डॅशबोर्डवर दोन बुक्के मारले,
वायरी उपटल्या, जोडल्या,
आणि स्पीकर दुरुस्तीला टाकून आला.
दुकानदारानं शंभर रुपये घेतले.
ते तो अजून माझ्याकडे मागतो.

मुंबईच्या एका परीक्षकानं लिहिलं:
दाढदुखीची बेचाळीस मिनिटं.
हे मला आवडलं. कापून बर्फाच्या कारखान्यात
लाइटबिलांच्या खिळ्याला अडकवलं.

पुण्याच्या मासिकानं दोन पानं दिली.
"कोयंडे या तरुणाच्या ध्वनिविश्वात"
(मी बाई आहे, चौतीस वर्षांची)
"समुद्राची अनुपस्थिती हाच खरा आक्रोश."
अहो, चौथा ट्रॅक म्हणजे नुसता समुद्र.
माइक फुग्यात बांधून जेटीच्या खांबाशी सोडला होता,
अख्खी ओहोटी,
आणि एक खेकडा त्याला मधूनमधून चिमटे काढत होता.

ओसाकाच्या कुणीतरी दोन कॅसेट मागवल्या, विचारलं,
दुसऱ्या ट्रॅकवरचं यंत्र कुठल्या कंपनीचं?
मी कळवलं: बर्फ फोडायचा क्रशर, साडेसात हॉर्सपॉवर,
कोल्हापूरहून आणलेला. पट्टा जुना.
त्यावर उत्तर आलं नाही.

घाडीबुवा मात्र रागावले.
डबलबारीत आयुष्य गेलेला माणूस.
"षड्जच नाही," म्हणाले, "मग माणसानं उतरायचं कुठे?
होडी आहे, बंदर नाही, असं झालं हे."
मी गप्प. त्याचं उत्तर नव्हतं माझ्याकडे,
अजून नाही.
जाताना दारात चप्पल शोधत पुटपुटले:
अकराव्या मिनिटाला पवनचक्की घुमते ना,
ती काळी दोन. सव्वा मिनिट टिकते.
म्हणजे तिथवर ऐकलं होतं. घड्याळ लावून.

आणि पास्कू मेस्त्री.
हात हाफपँटीला पुसून, जाळ्यांच्या ढिगावर बसून,
डोळे मिटून त्यानं सगळं ऐकलं.
असं कोणीच ऐकलं नव्हतं. मीसुद्धा नाही.
मध्येच बोट वर केलं. मागे घे.
परत मागे घे.
"तिसऱ्यात," म्हणाला, "वॉटरपंपाचां बेरिंग गेलां हा.
ट्रॉलर कोणाचो?"

सारंगांची ‘दरियानूर’.
दुसऱ्या दिवशी आठवड्याभरासाठी खोल पाण्यात जाणार होती.
पास्कू रात्रीच बॅटरी घेऊन उतरला.
सकाळी मला बेरिंग दाखवलं, तळहातावर ठेवून:
निळं पडलेलं, गोळ्या झिजून चपट्या.
सारंगांनी घरी तीन किलोची सुरमई पाठवली.
साठ कॅसेटींनी मिळून तेवढी कमाई केली नाही.

मग मी जेटीवर गेले. ‘दरियानूर’ निघाली.
इंजिन तुपासारखं. साफ, गोल,
धरायला त्यात काही नाही.
ती खरवड, जिच्यासाठी मी सतरा पहाटे
डिझेलच्या धुरात माइक धरून उभी होते,
ती आता या बंदरात नाही.
खलाशांनी हात केला. मीही केला.
खरं सांगू, मला थोडं वाईट वाटलं.
थोडं म्हणजे बरंच.

पास्कूनं हेडफोन परत दिला, तेव्हा
डाव्या कानावर ग्रीसचा अंगठा उमटलेला.
"दुसरो कधी काढतंस?" म्हणाला.
"काढलंस की आधी माका दी.
लोकांका मगे."